अँटीबॉडीला शिव्या देण्याआधी: किड्यांच्या मेंदूतल्या पेप्टाइड पेशी स्टेन होत नसतील तर काय काय तपासायचं

"ताई, स्टेनिंग येईनाच, अँटीबॉडी खराब आलीय वाटतं." उन्हाळा लागला की हा मेसेज ठरलेला. कधी आमच्याच डिपार्टमेंटच्या पोरांचा, कधी परभणी-नांदेडकडून कुणाच्या तरी ओळखीनं. बघायला गेलं की बहुतेक वेळा अँटीबॉडी बिचारी ठणठणीत असते आणि गडबड भलतीकडंच सापडते. म्हणून एकदाचं सगळं क्रमानं लिहिते, सोप्या आणि फुकट गोष्टी आधी, महागाच्या आणि डोकेदुखीच्या नंतर. कृपा करून क्रम मोडू नका, लई जण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि गाइडकडं नव्या अँटीबॉडीचं कोटेशन घेऊन जातात.

काम काय आहे ते थोडक्यात. किड्याच्या मेंदूत आणि गँग्लियात (म्हणजे चेतापेशींच्या गाठींत) काही मोजक्या चेतापेशी न्यूरोपेप्टाइड, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बनवतात, त्या पेप्टाइडविरुद्धची प्रायमरी अँटीबॉडी लावायची, तिच्यावर चमकणारा रंग जोडलेली सेकंडरी लावायची आणि मायक्रोस्कोपखाली पेशी शोधायच्या. कागदावर एवढंच आहे.

लक्षणं, म्हणजे नेमकं काय बिघडलंय

- सगळा अंधार. टेस्ट स्लाइड आणि प्रायमरी न लावलेली स्लाइड, दोन्ही सारख्याच काळ्या.
- सगळंच चमकायलंय. पेशी, ट्रेकिया (किड्याच्या श्वासनळ्या), चरबी, डोळ्याची कड, सगळं एकसारखं हिरवं. बहुतेक वेळा प्रायमरी न लावलेली स्लाइडसुद्धा तशीच दिसते.
- फक्त कडेकडेला चमक, आत मेंदू रिकामा.
- बारीक चमकणारे ठिपके, पेशीवर पण आणि पेशी नाही तिथं पण, रांगोळी सांडल्यासारखे.
- एका मेंदूत झकास, शेजारच्या मेंदूत काहीच नाही. प्रोटोकॉल तोच, दिवसही तोच.
- सगळं सुंदर दिसतंय पण पेशी जरा जास्तच आहेत. ह्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही, आणि सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच आहे. त्यावर शेवटी सविस्तर लिहिलंय.

तुमचं लक्षण कोणतं ते वहीत लिहा, मग पुढं वाचा. "स्टेनिंग येत नाही" एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही. आणि प्रायमरी न लावलेली स्लाइड बनवलीच नसेल तर इथंच थांबा, आधी ती बनवा. तिच्याशिवाय चमक सेकंडरीची आहे, टिश्यूची स्वतःची आहे का खरंच अँटीबॉडीची आहे हे कळायला काही मार्गच नाही.

पैसे न लागणारी तपासणी

मायक्रोस्कोपपासून सुरुवात करा. फिल्टर कोणता लावलाय? सेकंडरीवर अलेक्सा ४८८ असेल तर स्लाइडवर निळा प्रकाश मारून परत येणारा हिरवा घेणारा फिल्टर लागतो, सीवाय३ असेल तर हिरवा मारून लाल घेणारा. आधीच्या माणसानं फिल्टर फिरवून ठेवलेला असतो आणि पुढचा माणूस अर्धा तास अंधारात बसून रडतो. शटर उघडं आहे का, मर्क्युरी दिव्याचे तास किती झाले? हे दिवे दोन-तीनशे तासांचेच धनी असतात, त्यानंतर उजेड मंद आणि थरथरता होतो. शेजाऱ्याची चांगली चमकणारी जुनी स्लाइड मागून आणा आणि तुमच्या सेटिंगवर बघा, ती दिसली तर मायक्रोस्कोप निर्दोष.

दिवा बदलायची वेळ आली असेल तर तो स्वतः बदलू नका. आत दाबाखाली पारा असतो, गरम असताना हाऊसिंग उघडलं तर फुटू शकतो, आणि नंतर अलाइनमेंट बिघडली की नीट करायला सर्व्हिस इंजिनियर बोलवावाच लागतो. मग आधीच बोलवा की.

मग लेबलं वाचा. प्रायमरी सशात बनवलेली असेल तर सेकंडरी सशाविरुद्धची पाहिजे. हे वाचून हसू येईल, पण एका रॅकमध्ये अँटी-माउस आणि अँटी-रॅबिटच्या सारख्याच टोपणाच्या ट्यूबा शेजारी शेजारी असतात, संध्याकाळी सहाला कुणाचाही हात चुकू शकतो. ब्लॉकिंगला, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडं चिकटू नये म्हणून त्या जागा आधीच झाकायला, वापरायचा सीरम सेकंडरी ज्या प्राण्यात बनलीय त्याचाच घ्यायचा, म्हणजे सेकंडरी बकरीतली तर बकरीचाच सीरम. प्रायमरी सशातली म्हणून सशाच्या सीरमनं ब्लॉक केलं तर सेकंडरी त्या सीरमलाच जाऊन चिकटते आणि सगळा मेंदू उजळतो. "सगळंच चमकायलंय" लक्षणाचं हे एक ठरलेलं कारण.

फ्लोरेसन्सच्या ऐवजी पेरॉक्सिडेज आणि डॅबवाली जुनी पद्धत (सेकंडरीला जोडलेलं पेरॉक्सिडेज एन्झाइम डॅबचा तपकिरी रंग करतं) वापरत असाल तर बफरमध्ये सोडियम अझाइड आहे का बघा. बुरशी लागू नये म्हणून अझाइड घालून ठेवायची सवय असते, पण अझाइड पेरॉक्सिडेज एन्झाइमलाच बंद पाडतं, म्हणजे अँटीबॉडी जागेवर चिकटलेली असूनही रंग येत नाही. सेकंडरीच्या आधी आणि नंतरची सगळी धुणी बिनअझाइडच्या बफरनं करा. उलट बाजूनं, टिश्यूचं स्वतःचं पेरॉक्सिडेज मारलं नसेल तर सगळंच तपकिरी होतं, त्यासाठी मेथनॉलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घालून अर्धा तास ठेवायचं. डॅब कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे, ग्लोव्ह्ज घाला आणि बेसिनमध्ये ओतू नका.

पाणी आणि तापमान, म्हणजे आपला मराठवाडा

परदेशी प्रोटोकॉलमध्ये हे कुठं लिहिलेलं नसतं, कारण त्यांना हा त्रासच नाही.

फॉस्फेट बफर बनवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं. आपल्याकडं काचेचा डिस्टिलेशन प्लांट चालवायचा म्हणजे थंड करायला नळाचं पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं, आणि जिथं २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या भागात एप्रिल-मेमध्ये प्लांट बंद ठेवतात यात नवल नाही. मग कुणीतरी वीस लिटरचा आरओचा जार आणतो आणि "शुद्धच आहे की" म्हणून त्यातच बफर बनतं. पिण्याला शुद्ध आणि बफरला शुद्ध यात फरक आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आरओ नीट सर्व्हिस केलेला नसेल तर त्यातलं बरंच खाली उतरतं, फॉस्फेटशी त्याची गाठ पडली की पांढुरकी गढूळता येते आणि तेच कण टिश्यूवर बसतात. ठिपक्यांचं लक्षण असेल तर आधी बफरची बाटली उजेडासमोर धरून हलवून बघा. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर मिळतो तो पाण्यात बुडवा, डिस्टिल्ड वॉटरला आकडा शून्याजवळ पाहिजे. पन्नास-शंभर दाखवत असेल तर ते पाणी चहाला वापरा. पीएच ७.४ पाहिजे, आणि पीएच मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट केलेला पाहिजे.

पाणी चांगलं आणि तरी ठिपके, तर सेकंडरीच्या ट्यूबमध्ये गुठळ्या झाल्यात. वापरायच्या आधी ती थंड सेंट्रिफ्यूजमध्ये पाच-दहा मिनिटं जोरात फिरवा आणि वरवरचंच घ्या.

आता तापमान. प्रोटोकॉलमध्ये "रूम टेंपरेचरला दोन तास" लिहिलेलं असतं, ती रूम वीस-पंचवीस अंशाची. आपली लॅब मे महिन्यात, एसी बंद, बाहेर पारा ४२-४३ वर, तर आत रूम टेंपरेचर काय असणार? एवढ्या गरमीत अँटीबॉडी उगं कुठंही चिकटते, सीरम असलेल्या बफरला वास यायला लागतो, आणि स्लाइडवरचा पन्नास-शंभर मायक्रोलिटरचा थेंब कडेनं सुकतो. सुकलेल्या कडेला अँटीबॉडी जाम बसते आणि धुतली तरी निघत नाही, म्हणजे "फक्त कडेला चमक" हे लक्षण तयार. उपाय एकदम स्वस्त आहे: झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाला ओला टिश्यू पेपर, त्यावर दोन काड्या, काड्यांवर स्लाइड, झाकण लावा आणि डबा फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात सगळं इनक्युबेशन ४ अंशालाच करा, वेळ वाढवा. दोन तासांऐवजी रात्रभर, जाड मेंदू अख्खाच्या अख्खा असेल तर दोन-तीन दिवस. बॅकग्राउंडही कमी होतं.

लोडशेडिंगचं काय? अँटीबॉडी एकदा गोठली की पुन्हा पुन्हा वितळू द्यायची नाही. डीप फ्रीझर इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून त्यात आईस पॅक ठासून भरून ठेवा, लाइट गेली तरी काही तास निघतात. अँटीबॉडी आल्या आल्या तिचे दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग पाडा आणि प्रत्येक ट्यूबवर तारीख टाका. निम्मं ग्लिसरॉल मिसळून ठेवलं तर उणे वीसला गोठतच नाही, मग गोठण्या-वितळण्याचा प्रश्नच मिटला, फक्त डायल्युशनचा हिशेब करताना तो निम्मा भाग धरायचा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रिज ह्या कामाला अजिबात नको, तो गुपचूप तापतो आणि परत गार होतो.

किडा कधी कापला?

"एका मेंदूत आलं, दुसऱ्यात नाही" असं असेल तर केमिकलकडं बघूच नका, किड्याकडं बघा.

पेप्टाइड पेशीत बनतं, साठतं आणि मग एकदम सोडलं जातं. सोडल्यावर पेशी रिकामी. रिकाम्या पेशीत अँटीबॉडी चिकटणार कशाला? कात टाकताना लागणारी पेप्टाइड्स कात टाकून झाली की पेशीतून संपलेली असतात. फळमाशीत पीडीएफ नावाचं पेप्टाइड आहे, शरीरातल्या घड्याळाचं, त्याचं छोट्या पेशींच्या टोकांमधलं प्रमाण सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं. त्याच माशीला उपाशी ठेवलं तर इन्सुलिनसारखी पेप्टाइड्स मेंदूतल्या पेशींमध्ये साठून राहतात, खायला मिळालं की बाहेर पडतात. म्हणजे एकानं सकाळी दहाला कापलेला किडा आणि दुसऱ्यानं चहा पिऊन साडेपाचला कापलेला किडा, ह्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. वय, लिंग, खाल्लेलं-न खाल्लेलं, दिवसाची वेळ, हे सगळं वहीत पाहिजे. फुकटचं काम आहे आणि तेवढंच लोक टाळतात.

शेतातून आणलेल्या अळीचं तर काहीच सांगता येत नाही. आपल्याकडं बरेच जण हेलिकोव्हर्पावर काम करतात, बीटी कापूस आल्यापासून ती कपाशीवर कमी झाली पण हरभऱ्यात घाटेअळी म्हणून आणि तुरीच्या शेंगेत हमखास मिळते. पण त्या अळीवर काल काय फवारलंय, आत परजीवी गांधीलमाशीचं अंडं आहे का, ती कात टाकायच्या आधीची आहे का नंतरची, काय माहीत? लॅबमध्ये एक पिढी वाढवा आणि मगच स्टेनिंगला घ्या.

हाताचं काम: काढणं आणि फिक्स करणं

इथं जरा रेंगाळते, कारण बिघाड इथंच जास्त असतो.

समजा हेलिकोव्हर्पाची मादी पतंग आहे आणि तुम्हाला पीबॅन बनवणाऱ्या पेशी बघायच्यात. पीबॅन म्हणजे मादीच्या गंधग्रंथीला फेरोमोन बनवायला लावणारं ३३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, हेलिकोव्हर्पाच्याच अमेरिकन बहिणीतून, हेलिकोव्हर्पा झिया मधून, १९८९ साली त्याची रचना काढली होती. ते बनतं अन्ननलिकेच्या खालच्या सबइसोफेजियल गँग्लियनमध्ये, मधल्या रेषेवर पेशींचे तीन पुंजके असतात. पतंग बर्फावर गार करायचा, मग ७०% अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून काढायचा, नाहीतर अंगावरचे खवले सलाइनवर तरंगतात, टिश्यूला चिकटतात आणि फ्लोरेसन्समध्ये स्वतःच चमकतात, पोरं त्यालाच पेशी समजतात. डोकं उघडलं की चांदीच्या बारीक तारांसारख्या ट्रेकिया दिसतात, जमतील तेवढ्या चिमट्यानं हळूच ओढून काढा, कारण त्याही स्वतः चमकतात आणि त्यांच्यात हवा असते. हवा असलेला मेंदू फिक्सेटिव्हमध्ये (टिश्यू आहे तसा बांधून ठेवणाऱ्या द्रावणात) बुडतच नाही, वर तरंगतो आणि अर्धाच फिक्स होतो. सुई काढलेली दहा मिलीची सिरिंज घ्या, त्यात फिक्सेटिव्ह आणि मेंदू, नोझलवर बोट दाबून दट्ट्या मागं ओढा, सोडा, परत ओढा. बुडबुडे निघतात आणि मेंदू तळाला जातो. व्हॅक्यूम पंपाची गरज नाही.

डोकं उघडल्यापासून मेंदू फिक्सेटिव्हमध्ये पडेपर्यंत थोडीच मिनिटं जायला पाहिजेत, सलाइन बर्फासारखं गार पाहिजे. दहा मेंदू सलाइनमध्ये जमवून मग एकदम फिक्स करायचे ही सवय सोडा, पहिला मेंदू तोवर सडायला लागलेला असतो आणि त्यातलं पेप्टाइड एन्झाइम खाऊन टाकतात.

फिक्सेटिव्ह बहुतेक वेळा ४% पॅराफॉर्मल्डिहाइड, त्याच दिवशी फ्यूम हूडमध्ये बनवलेलं, किंवा बनवून लगेच गोठवलेलं. कपाटातलं जुनं फॉर्मलिन पाणी घालून वापरू नका, त्यात मेथनॉल असतं आणि किती वर्षांचं आहे देव जाणे. ट्रिस बफरमध्ये पॅराफॉर्मल्डिहाइड कधीच बनवायचं नाही. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांच्या अमिन गटांना धरून टिश्यू बांधतं, ट्रिसमध्ये स्वतःच अमिन गट आहे, म्हणजे तुमचं फिक्सेटिव्ह बाटलीतच खर्च होतं.

ह्याच कारणानं काही पेप्टाइड मुळातच अवघड असतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची चिमुकली साखळी, तिला धरायला मोकळा अमिन गट नसेल तर ती धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. टोळातलं चरबीतून ऊर्जा बाहेर काढायला लावणारं एकेएच, किंवा आपल्या गटारातल्या पेरिप्लॅनेटा झुरळातून १९८९ साली सापडलेलं कोराझोनिन, दोघांचंही सुरुवातीचं टोक पायरोग्लुटामेटनं बंद आहे आणि साखळीत लायसिन (मोकळा अमिन गट असलेलं अमिनो आम्ल) नाही. असल्या पेप्टाइडला साधं फिक्सेशन कमी पडत असेल तर वेळ वाढवून बघा, नाहीतर पिक्रिक ॲसिड असलेलं बूइन किंवा थोडं ग्लुटारल्डिहाइड घातलेलं मिश्रण. ग्लुटारल्डिहाइडनं टिश्यू स्वतःच जास्त चमकतो, ते सोडियम बोरोहायड्राइडनं कमी करता येतं किंवा सरळ डॅबवर जायचं.

आणि पिक्रिक ॲसिडवरून आठवलं, हे नीट वाचा. कपाटात मागं पडलेली जुनी बाटली, तोंडाशी पिवळे कोरडे स्फटिक दिसायलेत, तर तिला हात लावू नका, झाकण फिरवू नका, हलवू नका. कोरडं पिक्रिक ॲसिड स्फोटक असतं आणि झाकणाच्या घर्षणानंही उडू शकतं. दार बंद करा आणि सेफ्टी ऑफिसरला कळवा. लॅब असिस्टंट मामांना "जरा उघडून देता का" म्हणायचं नाही.

अँटीबॉडी आत जाते का?

"कडेला आहे, आत नाही" आणि डब्यात ठेवूनही फरक नाही, तर मेंदूवरचं आवरण आडवं आलंय. किड्याच्या चेतासंस्थेभोवती एक चिवट पापुद्रा असतो, झुरळाचा तर चांगलाच जाड. ट्रायटन एक्स-१०० (अँटीबॉडीला आत वाट करून देणारा डिटर्जंट) साध्या सेक्शनला, म्हणजे पातळ कापाला, ०.३% चालतं, अख्ख्या मेंदूला ०.५ ते १% पर्यंत न्या आणि प्रायमरी दोन ते पाच दिवस ठेवा. तरी नाही तर पापुद्रा पचवणारं कोलॅजिनेज एन्झाइम थोडा वेळ, किंवा बारीक चिमट्यानं पापुद्रा सोलणं, किंवा सरळ सेक्शन कापणं. कोलॅजिनेज जास्त झालं तर मेंदूचा लगदा होतो, तेव्हा आधी एका फालतू मेंदूवर वेळ ठरवा.

अँटीबॉडी आत पोचते का हे वेगळं तपासायची एक झकास युक्ती आहे. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजविरुद्धची अँटीबॉडी किड्यांच्या सगळ्याच चेतापेशींवरच्या एका शर्करेला चिकटते, जान दांपत्यानं १९८२ साली फळमाशीत दाखवलं होतं. रंग जोडलेलीच मिळते. ती लावा: आतपर्यंत सगळं नेटवर्क उजळलं तर रस्ता मोकळा आहे, दोष दुसरीकडं शोधा. फक्त वरची साल उजळली तर रस्ताच बंद आहे, नवीन प्रायमरी आणून काय होणार? ह्याच कारणानं जुनी पॅप (पेरॉक्सिडेज-अँटीपेरॉक्सिडेज) पद्धत वापरणाऱ्यांनी किड्यांमध्ये जपून राहायचं, त्या मिश्रणात पेरॉक्सिडेजविरुद्धची अँटीबॉडीच असते आणि ती भलत्याच पेशींना चिकटू शकते.

डायल्युशन पण इथंच बघा. १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० अशी एक शिडी लावा, एकाच दिवशी, एकाच बॅचच्या मेंदूंवर. "सिग्नल कमी आहे म्हणून प्रायमरी दुप्पट केली" असं करून बॅकग्राउंडच दुप्पट होतं. सेकंडरीची पण शिडी लावा, ती कुणीच लावत नाही. बॅकग्राउंड हटतच नसेल तर डायल्यूट केलेली अँटीबॉडी आधी त्याच किड्याच्या फिक्स केलेल्या बिनकामाच्या टिश्यूबरोबर रात्रभर ठेवा, फालतू चिकटणारा भाग तिथंच अडकतो. मात्र त्या टिश्यूत तुमचं पेप्टाइड नाही ह्याची खात्री पाहिजे. मेंदू आणि आतडं दोन्हीकडं एकच पेप्टाइड असणं किड्यांमध्ये नेहमीचंच आहे.

पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि कंपनीला कधी बोलायचं

इतकं करूनही अंधार असेल तर असा टिश्यू घ्या ज्यात ती अँटीबॉडी चालतेच हे माहीत आहे. मला आवडणारा कंट्रोल म्हणजे फळमाशीचा मेंदू आणि पीडीएफ सी७, उंदरातली मोनोक्लोनल, आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेतून मिळते. मेंदूच्या प्रत्येक बाजूला चार मोठ्या आणि चार छोट्या पेशी, डोळे झाकून मोजता येतात. फक्त नुकती बाहेर पडलेली माशी घेऊ नका, तिच्यात दुसरीकडं जास्तीच्या काही पीडीएफ पेशी असतात ज्या काही दिवसांत नाहीशा होतात, उगं घोळ. माशी ड्रोसोफिला मेलानोगास्टरच्या स्टॉकमधलीच घ्या, अर्धापूरच्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं पकडून आणाल तर त्यात चार जातींची भेळ असते.

माशीत चाललं आणि तुमच्या किड्यात नाही: बफर, मायक्रोस्कोप आणि (दोन्हीकडं तीच वापरली असेल तर) सेकंडरी, सगळं निर्दोष, आता प्रश्न तुमच्या पेप्टाइडचा किंवा तुमच्या प्रायमरीचा. प्रायमरी ज्या साखळीविरुद्ध बनवलीय ती तुमच्या किड्यात तशीच आहे का? जीनोम बघा, शेवटची चार-पाच अमिनो आम्लं ताडून बघा, कारण बऱ्याच अँटीबॉडी तेच टोक आणि त्याचा शेवटचा अमाइड गट ओळखतात. टोक जुळत नसेल तर वर्षभर डायल्युशन बदलत बसलात तरी उपयोग नाही.

टोक जुळतं, कंट्रोल चालतो, नव्या ट्यूबमधून पण अंधार: आता थांबा आणि ज्यांच्याकडून अँटीबॉडी आली त्यांना लॉट नंबर आणि कंट्रोलचे फोटो पाठवा. पॉलिक्लोनलमध्ये, म्हणजे थेट प्राण्याच्या रक्तातून काढलेल्या मिश्र अँटीबॉडीत, एका सशाचं रक्त संपलं की दुसऱ्या सशाचं येतं आणि नाव मात्र तेच राहतं, लॉट बदलला की डायल्युशनची शिडी परत लावावीच लागते. स्वतः सशात अँटीबॉडी बनवायचा विचार असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय एक टोचणीसुद्धा नाही, आणि ते काम शिकलेल्या माणसाचंच आहे.

चमकलं, पण कोण चमकलं?

आता ते शेवटचं लक्षण. फोटो मस्त, गाइड खूश, पेशी जरा जास्त.

एफएमआरएफअमाइड हे पेप्टाइड १९७७ साली एका शिंपल्यातून सापडलं. त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी लई वापरली जाते, आणि किड्याच्या मेंदूत ती भरपूर पेशी उजळवते. कामून? कारण ती बहुतेक वेळा शेवटचं आरएफअमाइड टोकच ओळखते, आणि ते टोक असलेली पेप्टाइड्स किड्यात ढीगभर आहेत: शॉर्ट एनपीएफ, मायोसप्रेसिन, सल्फाकायनिन, आणखीही. तुम्ही एका पेप्टाइडच्या नावानं आख्खं खानदान मोजताय. पीबॅनचंही तसंच, त्याचं एफएसपीआरएलअमाइड टोक डायपॉज हॉर्मोन आणि पायरोकायनिन यांच्याशी मिळतंजुळतं आहे.

मग पोरं म्हणतात, "ताई आम्ही प्रीॲब्सॉर्प्शन केलंय की." म्हणजे अँटीबॉडीत आधीच ते पेप्टाइड मिसळून, साधारण १० मायक्रोमोलर, ४ अंशाला रात्रभर ठेवलं, मग लावलं, चमक गेली. चांगलं केलं, करायलाच पाहिजे, आणि शेजारी तितकाच वेळ ठेवलेली पेप्टाइड न मिसळलेली अँटीबॉडी पण लावायला पाहिजे. पण ह्यानं एवढंच कळतं की चमक त्या पेप्टाइडला चिकटणाऱ्या अँटीबॉडीमुळं होती, सशाच्या इतर अँटीबॉडीमुळं किंवा पेप्टाइड ज्या वाहक प्रथिनाला जोडून टोचलं होतं त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीमुळं नव्हती. पेशीत बसलेलं पेप्टाइड तेच आहे का त्याचा चुलतभाऊ, हे कळत नाही, कारण एफएमआरएफअमाइड मिसळल्यावर शॉर्ट एनपीएफच्या पेशीही विझणारच. म्हणून चुलतभावांनीही एकेकानं ॲब्सॉर्ब करून बघा. शॉर्ट एनपीएफ मिसळूनही सगळंच विझलं तर तुमची अँटीबॉडी भावकीत फरक करत नाही.

त्याच पेप्टाइडच्या प्रीकर्सरमधला (ज्या लांब प्रथिनातून ते कापून निघतं त्यातला) दुसरा, फक्त त्याचाच असा तुकडा घेऊन बनवलेली दुसरी अँटीबॉडी मिळाली आणि तिनंही त्याच पेशी उजळल्या, तर भरवसा वाढतो. आरएनए बघणारं इन सिटू हायब्रिडायझेशन त्याच पेशी दाखवत असेल तर आणखी वाढतो. जीन बंद करून चमक गेली तर उत्तमच, झुरळात आरएनएआय (आरएनए टोचून जीन बंद करायची पद्धत) चांगलं चालतं, पतंग-अळीत मात्र ते लहरी आहे, त्यात पैसे घालायच्या आधी दोनदा विचार करा.

ह्यातलं काहीच जमलं नसेल तर थिसिसमध्ये "एफएमआरएफअमाइड-लाइक इम्युनोरिॲक्टिव्ह" पेशी असंच लिहा. एक्झामिनरनं इथं धरलं की सुटका नसते.

आणि पेप्टाइडचं नाव ठामपणे घ्यायचंच असेल तर स्टेनिंग इथं थांबवा आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांकडं (रेणूचं वस्तुमान मोजून तो ओळखणाऱ्यांकडं) जा, माल्डी-टॉफ मशीन असलेल्या एखाद्या सेंट्रल फॅसिलिटीत. हे आपल्या हातचं काम नाही आणि शिकून करायचा हट्टही नको, मशीन त्यांचं, माणूस त्यांचा. तुम्ही फक्त सॅम्पल नीट द्यायचं: फिक्स केलेला मेंदू चालत नाही, ताजाच लागतो. मीठ सिग्नल खातं, म्हणून सलाइनमधून काढलेला गँग्लियन गार डिस्टिल्ड पाण्यात झटकन बुचकळून थेट आम्लयुक्त मेथनॉलमध्ये टाकायचा, नेहमीचं प्रमाण ९० भाग मेथनॉल, ९ भाग पाणी, १ भाग ॲसेटिक ॲसिड. पेप्टाइड साध्या प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळं ट्यूब कोणती वापरायची, किती गँग्लिया लागतील आणि बर्फात पाठवायचं का ड्राय आइसमध्ये, हे पतंग कापायच्या आधी फोन करून विचारून घ्या.